पिचर तयार आहे का? स्प्रिंग ट्रेनिंगमधून शिकूया धंद्याची चाचणी कशी वाचायची



मागच्या व्हिडिओत आपण ट्रायल पिरियडबद्दल बोललो, म्हणजे धंदा पूर्ण ताकदीनं सुरू करण्याआधीचे ते दोन-तीन महिने. त्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "सर, ट्रायल घेतली, पण आता मी तयार आहे की नाही हे कळायचं कसं?" कुणाच्या आठ दिवसात चाळीस ऑर्डर आल्या, तर ते नोकरीचा राजीनामा लिहून तयार. कुणाचा पहिलाच आठवडा पडला, तर त्यांनी भांडी माळ्यावर टाकली. दोघांनीही एकच गोष्ट केली: आकडा बघितला आणि निर्णय घेतला.

आज या प्रश्नाचं उत्तर आपण जरा लांबून आणणार आहोत, अमेरिकेतल्या बेसबॉलमधून. घाबरू नका, बेसबॉल कळत नसला तरी चालेल. क्रिकेट कळतं ना? बस, तेवढं पुरे. "हा माणूस तयार आहे का?" हा एकच प्रश्न घेऊन तिथे दरवर्षी सहा आठवडे तीस संघ बसतात. त्यावर कोट्यवधी डॉलर लागलेले असतात आणि शेकडो तरुणांचं करिअरही. त्यामुळे तयारी कशी ओळखायची याचा त्यांचा अभ्यास पक्का आहे.

आधी खेळ समजून घेऊ

बेसबॉलमधला गोलंदाज म्हणजे पिचर. तो साडेसाठ फुटांवरून चेंडू टाकतो. समोर जमिनीवर एक पांढरी पाटी असते, तिला प्लेट म्हणतात. तिची रुंदी फक्त १७ इंच. चेंडू त्या पाटीवरून, फलंदाजाचा गुडघा आणि छाती यांच्या मधल्या उंचीतून गेला की तो स्ट्राइक. बाहेरून गेला आणि फलंदाजानं बॅट फिरवली नाही, तर तो बॉल. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की त्याला पहिली बेस फुकट. या फुकट बेसला वॉक म्हणतात. आपल्याकडच्या वाइडसारखंच समजा, फक्त जास्त महागात पडणारं.

स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे हंगामाआधीचं सराव शिबिर. फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतं. पंधरा संघ फ्लोरिडात, पंधरा ॲरिझोनात. गंमत बघा, पिचर आणि कॅचर यांना बाकी खेळाडूंच्या काही दिवस आधी बोलावतात. कारण पिचरचा खांदा एका दिवसात तयार होत नाही. मार्चअखेर खरा हंगाम सुरू होतो. मधल्या काळात सराव सामने होतात. त्यांचे स्कोअर पेपरात छापून येतात, पण हंगामाच्या गुणतक्त्यात त्यांची किंमत शून्य.

ओहतानीचे २७

२०१८ सालची गोष्ट. जपानचा शोहेई ओहतानी लॉस एंजलिस एंजल्स संघात आला. पिचिंगही करणार आणि बॅटिंगही, म्हणजे दोन्ही कामं एकटाच. जपानच्या सर्वोच्च लीगमध्ये पाच हंगाम खेळून आलेला. सगळ्या अमेरिकेचं लक्ष त्याच्याकडे.

आणि ॲरिझोनाच्या सराव सामन्यांत काय झालं? दोन अधिकृत सामन्यांत त्यानं तीन डावही पूर्ण टाकले नाहीत आणि ८ धावा दिल्या. बेसबॉलमध्ये पिचरचा हिशोब दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या असा करतात. तीन-साडेतीन आला तर उत्तम. ओहतानीचा आला २७. बॅटिंगमध्ये ३२ प्रयत्नांत फक्त ४ हिट. "याला खालच्या लीगमध्ये पाठवा," अशी उघड चर्चा सुरू झाली.

एंजल्सनं त्याला मुख्य संघातच ठेवलं. १ एप्रिलला ओकलंडविरुद्ध त्यानं पहिला सामना टाकला आणि जिंकला. पुढच्याच आठवड्यात त्याच संघाविरुद्ध सात डावांत १२ फलंदाज बाद केले. जूनमध्ये कोपर दुखावलं, त्यामुळे त्या वर्षी पिचर म्हणून दहाच सामने झाले. पण वर्ष संपताना अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू तोच होता.

आता प्रश्न असा: २७ हा आकडा खोटा होता का? नाही. आकडा खराच होता. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता, तो प्रश्नच वेगळा होता.

सरावाचा आकडा का फसवतो?

याची चार कारणं आहेत. प्रत्येक कारण तुमच्या ट्रायललाही जसंच्या तसं लागू पडतं.

पहिलं, नमुना फार छोटा. तीन डाव म्हणजे पंधरा-वीस फलंदाज. त्यात दोन चेंडू नशिबानं सीमेपार गेले की सगळा हिशोब बिघडतो. आठ दिवसांच्या चाळीस ऑर्डरही तशाच. त्यातल्या पंधरा एकाच हळदीकुंकवाच्या असतील, तर तुमच्याकडे चाळीस ग्राहक नाहीत, सव्वीस आहेत.

दुसरं, समोर कोण आहे? सराव सामन्यात सुरुवातीला नामांकित फलंदाज असतात आणि शेवटच्या डावांत खालच्या लीगमधली पोरं. आठव्या डावात तीन पोरांना बाद केलं म्हणजे पहिल्या डावातल्या दिग्गजांना बाद करता येईल असं नाही. तुमच्या ट्रायलचे ग्राहक कोण होते? मावशी, मेहुणे आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या वहिनी. ते तुमच्या प्रेमापोटी घेतात. अनोळखी माणसानं पैसे मोजून दुसऱ्यांदा मागवलं का, हा खरा सामना.

तिसरं, पिचर सरावात जिंकायला येतच नाही. पहिल्या सामन्यात तो ठरवून फक्त सरळ वेगवान चेंडू टाकतो. पुढच्या वेळी नवा शिकलेला संथ चेंडू वीस वेळा टाकून बघतो, मार बसला तरी. तो शिकायला आलेला असतो. म्हणून त्यानं किती धावा दिल्या हे बघण्याआधी प्रशिक्षक विचारतो, आज काय करून बघायचं ठरवलं होतं? तुम्ही ट्रायलच्या आठवड्यात नवीन पॅकिंग तपासत असाल आणि नफा कमी झाला, तर तो आठवडा फुकट गेला नाही. पण काय तपासायचं हे आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. नंतर सुचलेलं कारण म्हणजे सबब.

चौथं, हवा. ॲरिझोनाची हवा कोरडी. तिथे चेंडू हातातून निसटतो आणि वळणारा चेंडू कमी वळतो. फ्लोरिडाच्या दमट हवेत तोच चेंडू वेगळा वागतो. ओहतानीला तर अमेरिकेचा चेंडूही नवा होता, जपानच्या चेंडूपेक्षा जरा वेगळा. तुमची हवा म्हणजे सीझन. दिवाळीच्या प्रदर्शनात गेलेला फराळ बघून फेब्रुवारीचं भाडं ठरवू नका.

मग जाणकार काय बघतात?

सराव सामन्यात प्लेटच्या मागे काही माणसं बसलेली असतात. एका हातात वही, दुसऱ्या हातात वेग मोजायची रडार गन. ते स्काउट. ते स्कोअरबोर्डकडे फारसं बघत नाहीत. त्यांची नजर पाच गोष्टींवर असते.

१. पहिला चेंडू. नव्या फलंदाजाला टाकलेला पहिलाच चेंडू स्ट्राइक आहे का? मेजर लीगमध्ये साधारण शंभरातले साठ पहिले चेंडू स्ट्राइक असतात. पहिला स्ट्राइक पडला की पुढचा सगळा डाव पिचरच्या हातात येतो. पहिला बॉल पडला की तो मागे लागतो. धंद्यात पहिला चेंडू म्हणजे नव्या ग्राहकाची पहिली ऑर्डर. सांगितलेल्या वेळेला, सांगितलेल्या वजनाची, सांगितलेल्या किमतीत पोचली का? वहीत एक रकाना फक्त एवढ्यासाठी ठेवा. पुढे सवलत देऊन ग्राहक परत आणता येतो, पण ते मागून धावणं आहे.

२. चूक कशी होते. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, नीट वाचा. कॅचर ग्लोव्ह एका जागी धरतो, पिचरनं तिथे टाकायचं असतं. स्काउट बघतो, चुकलेला चेंडू गेला कुठे? एका पिचरचे दहातले सहा चेंडू चुकले, पण सगळे वर आणि एकाच बाजूला. दुसऱ्याचेही सहाच चुकले, पण एक वर, एक जमिनीत, एक फलंदाजाच्या अंगावर. कागदावर दोघे सारखे. प्रत्यक्षात पहिल्याचा दोष एकच आहे. बहुतेक वेळा शरीर लवकर उघडतं आणि हात मागे राहतो. तो सुधारता येतो. दुसऱ्याची ॲक्शनच दर वेळी वेगळी आहे.

मसाल्याचं उदाहरण घ्या. तुमचं प्रत्येक पाकीट पाच ग्रॅम कमी भरत असेल, तर वजनकाटा बघा, एका दुपारचं काम आहे. पण एक पाकीट तिखट, एक खारट, एक करपलेलं, असं असेल तर तुमच्याकडे अजून रेसिपी नाही, अंदाज आहे. अंदाजावर कर्ज काढू नका.

३. पुन्हा तसंच. पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून टाकतो, तिथे त्याचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे खड्डा पडत जातो. चांगल्या पिचरचा पाय पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. हात सुटायची जागा तीच, लय तीच. स्काउट हे बघतो, कारण निकाल नशिबानं बदलतो, सवय तशी बदलत नाही. तुमची सवय बघा. तुम्ही आजारी पडलात आणि घरच्या कुणी तुमची लिहिलेली पद्धत वाचून माल केला, तर तो तसाच होईल का?

४. दमल्यावर आणि अडचणीत. पहिल्या डावात सगळेच छान दिसतात. तिसऱ्या डावात वेग उतरला का? बेसवर विरोधी खेळाडू उभा असताना पिचरला आखूड ॲक्शननं टाकावं लागतं. तेव्हा नेम टिकतो का? वॉक दिल्यानंतरचा पुढचा चेंडू कसा आहे? काही जण चिडून जोर लावतात आणि आणखी बाहेर टाकतात. धंद्यात बेसवरचा खेळाडू म्हणजे तक्रार. एक ग्राहक फोनवर ओरडला. त्यानंतरच्या तीन ऑर्डर तुम्ही कशा पाठवल्या, हे तपासा.

५. दुसऱ्या दिवशीची सकाळ. सामना झाल्यावर पिचरला विचारतात, हात कसा आहे? जो आज झकास टाकतो आणि चार दिवस हात वर करू शकत नाही, तो तयार नाही. कारण हंगामात सुरुवातीच्या पिचरला साधारण दर पाच-सहा दिवसांनी उभं राहावं लागतं. गणपतीत दीडशे उकडीचे मोदक काढलेत, शाब्बास! पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नेहमीचे डबे गेले का?

कंट्रोल वेगळा, कमांड वेगळी

पिचिंगचे जाणकार दोन शब्द वेगळे ठेवतात. कंट्रोल म्हणजे चेंडू स्ट्राइकच्या चौकटीत टाकता येणं. कमांड म्हणजे चौकटीतल्या हव्या त्या कोपऱ्यात टाकता येणं. कंट्रोल असलेला पिचर वॉक देत नाही, पण मधोमध टाकून मार खाऊ शकतो. कमांड असलेला पिचर फलंदाजाला आवडता चेंडू मिळूच देत नाही. ग्रेग मॅडक्सनं १९९७ च्या हंगामात २३२ पेक्षा जास्त डाव टाकले आणि वॉक दिले फक्त २०. त्याचा वेग काही दहशत बसवणारा नव्हता. चेंडू कुठे टाकायचा, यातच त्याची सगळी ताकद होती.

तुमच्यासाठी कंट्रोल म्हणजे माल बिघडत नाही, वेळ चुकत नाही. कमांड म्हणजे कोणता माल, कोणत्या ग्राहकाला, कोणत्या दिवशी, कोणत्या किमतीत, हे तुम्ही ठरवता. ट्रायलमध्ये आधी कंट्रोल सिद्ध करा. ज्याची वेळच चुकते त्यानं तीन किमतींचे प्रयोग करण्यात अर्थ नाही.

दोष सापडला तर

रँडी जॉन्सन हा सहा फूट दहा इंचांचा पिचर. वेग भयानक, नेम त्याहून भयानक. १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षं लीगमध्ये सर्वात जास्त वॉक त्याच्या नावावर. १९९२ मध्ये १४४. त्याच वर्षी नोलन रायन हा दिग्गज पिचर आणि प्रशिक्षक टॉम हाऊस यांनी त्याची ॲक्शन बघितली. चेंडू टाकताना याचा पुढचा पाय टाचेवर पडतोय, त्यामुळे शरीर एका बाजूला ओढलं जातंय, हे त्यांनी दाखवून दिलं. पाय चवड्यावर टाकायचा, एवढंच. पुढच्या वर्षी तो आधीपेक्षा जास्त डाव खेळला, तरी वॉक ९९ वर आले आणि ३०८ फलंदाज त्यानं तीन स्ट्राइकवर बाद केले. पुढे पाच वेळा साय यंग पुरस्कार आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम.

याच टॉम हाऊसकडे २००८ मध्ये भारतातून दोन मुलं शिकायला गेली. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडलेले. त्याआधी बेसबॉल कधी खेळलेले नव्हते. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना करारबद्ध केलं. पण थेट मुख्य संघात उभं केलं का? नाही. २००९ मध्ये सगळ्यात खालच्या, नवशिक्यांच्या लीगपासून सुरुवात करायला लावली. हात होता, पण तयारी व्हायची होती. ते दोघे मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. तरीही अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळलेले पहिले भारतीय तेच. ताकद आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तयारीला तिचा तिचा वेळ लागतो.

कालचं यश आजची तयारी नाही

आता जरा कडू गोष्ट. स्टीव्ह ब्लास हा पायरेट्सचा पिचर, १९७१ च्या वर्ल्ड सिरीजचा हिरो. १९७२ मध्ये जवळपास २५० डावांत त्यानं ८४ वॉक दिले आणि १९ सामने जिंकले. १९७३ मध्ये पुन्हा ८४ वॉक दिले, पण फक्त ८८ डावांत! दुखापत नाही, वेगही गेला नव्हता. नेमच गेला. सगळे उपाय झाले, काही लागू पडलं नाही. १९७५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये त्याची कारकीर्द संपली.

रिक अँकिएलचंही तसंच. सेंट लुईस कार्डिनल्सचा हा तरुण पिचर २००० च्या प्लेऑफमध्ये एकाच डावात पाच वाइल्ड पिच टाकून बसला, म्हणजे कॅचरलाही थांबवता येऊ नयेत असे चेंडू. पुढची चार वर्षं तो झगडला. मार्च २००५ मध्ये, स्प्रिंग ट्रेनिंगमध्येच, त्यानं ठरवलं की पिचिंग बंद. पण खेळ सोडला नाही. बॅटिंग आणि फील्डिंग करायला खालच्या लीगमध्ये गेला. ऑगस्ट २००७ मध्ये फलंदाज म्हणून मुख्य संघात परतला आणि पहिल्याच सामन्यात होमरन मारला.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, दहा वर्षं नोकरीत उत्तम काम केलं म्हणून धंद्याची ट्रायल टाळू नका. दुसरी, ट्रायलनं "हे नाही" असं सांगितलं तर ते तुमच्याबद्दल नाही, त्या भूमिकेबद्दल आहे. ज्यांच्या हाताला चव आहे पण हिशोब जमत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या किचनमध्ये भागीदार व्हावं. ज्यांना विकता येतं पण बनवता येत नाही, त्यांनी दुसऱ्याचा माल विकावा.

तुमचं स्प्रिंग ट्रेनिंग असं लावा

सुरुवातीचा पिचर सराव सामन्यात आधी एक-दोन डाव टाकतो, साधारण पंचवीस-तीस चेंडू. पुढच्या वेळी थोडे जास्त. असं पाच-सहा वेळा वाढवत मार्चअखेर ऐंशी-नव्वद चेंडूंपर्यंत येतो. पहिला दिवस चांगला गेला म्हणून कुणी त्याला लगेच नव्वद टाकू देत नाही. मोजून दिलेले चेंडू संपले की प्रशिक्षक त्याला बाहेर घेतो.

तुम्हीही तसंच करा. समजा डब्यांचा धंदा आहे. पहिला आठवडा रोज दहा डबे. दुसरा पंधरा. तिसरा वीस. मागणी जास्त आली तरी "ताई, या आठवड्यात जागा नाही, पुढच्या सोमवारपासून देते" असं सांगा. सहा आठवड्यांत पस्तीसवर या. रोज रात्री वहीत पाच रकाने भरा: पहिली ऑर्डर वेळेवर गेली का, चूक झाली तर कोणती, ठरलेली पद्धत पाळली का, गर्दीत किंवा तक्रारीनंतर काय झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर सुरू केलं का. नफ्याचा आकडाही लिहा, पण सहाव्या रकान्यात.

सहा आठवड्यांनी वही उघडा. निकाल तीनच असतात. पाचही रकाने सुधारत गेलेत, तर मैदानात उतरा, पहिला महिना तोट्याचा गेला तरी. चूक एकाच जागी होतेय, तर खालच्या लीगमध्ये आणखी दोन महिने: नोकरी चालू ठेवा, ती एक चूक दुरुस्त करा. चुका सगळीकडे विखुरल्यात आणि सहा आठवड्यांत जागच्या हलल्या नाहीत, तर भूमिका बदला. घरचे दागिने गहाण ठेवायच्या आधी हे कळलं, तर ट्रायलचे पैसे वसूल झाले असं समजा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या शेवटच्या दहा चुका कागदावर लिहा. आठवत नसतील तर आजपासून लिहायला लागा. मग बघा, त्या एका बाजूला पडतायत की चारी दिशांना. फक्त एवढंच उत्तर कमेंटमध्ये टाका: "एका बाजूला" किंवा "चारी दिशांना", आणि सोबत तुमचा धंदा कोणता ते लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही उदाहरणं घेऊन दुरुस्ती कशी करायची ते बघू.

भेटूया, तोपर्यंत वही जवळ ठेवा!